तुमचे प्रश्न: सर्टुइन जागं करायची गोळी घ्यावी का?

मागच्या अंकात डायबेटिसवर लिहिताना एका ओळीत सर्टुइन नावाच्या एन्झाइम्सचा उल्लेख केला होता, आणि या महिन्यात निम्म्याहून जास्त प्रश्न त्यावरच आलेत. काहींनी बरण्यांचे फोटो पाठवलेत, एकांनी तर बिल पण पाठवलंय. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हेच घेते.

लातूर, वय ५८, निवृत्त शिक्षक

मॅडम, मुलगा हैदराबादला आयटीत आहे, त्यानं एनएमएन नावाच्या गोळ्यांची बरणी पाठवलीय. वर लिहिलंय की यानं सर्टुइन ॲक्टिव्ह होतात, वय वाढायचं थांबतं, शुगर कंट्रोलमधे येते. महिन्याला तीन-चार हजार जायलेत. मला दहा वर्षांपासून शुगर आहे. हे सर्टुइन म्हणजे नेमकं काय आणि गोळ्या घेऊ का नको? पोरगं रोज फोन करून विचारायलंय, सुरू केल्या का म्हणून.

सर, आधी सर्टुइन काय ते सांगते मग बरणीकडं येऊ, कारण ते कळल्याशिवाय बरणीवरचं वाक्य कितपत खरं आहे हे कळणार नाही.

तुम्ही लातूरचे, म्हणून मोंढ्यातलंच उदाहरण घेते. आडतीवर तुरीची पोती उतरतात, त्यांच्यावर चिठ्ठी लावलेली असते, चिठ्ठी आहे तोवर ते पोतं एका जागी राहतं, चिठ्ठी निघाली की हमाल ते उचलून दुसरीकडं नेतो. पेशीतल्या प्रोटीन्सवर अशाच बारक्या रासायनिक चिठ्ठ्या चिकटलेल्या असतात, त्यातल्या एकीचं नाव ॲसिटाइल. चिठ्ठी असताना ते प्रोटीन एका तऱ्हेनं वागतं, निघाली की दुसऱ्या तऱ्हेनं. सर्टुइन म्हणजे ही चिठ्ठी काढणारी एन्झाइम्स. माणसात ती सात आहेत, सर्ट-१ ते सर्ट-७. एक, सहा आणि सात मुख्यतः पेशीच्या केंद्रकात डीएनएजवळ असतात, दोन नंबरचं बाहेर पेशीद्रवात, आणि तीन, चार, पाच ही मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे जिथं अन्न जाळून ऊर्जा निघते तिथंच बसलेली.

चिठ्ठ्या काढणारी दुसरी एन्झाइम्स पण शरीरात आहेत, पण सर्टुइनचं वेगळेपण असं की प्रत्येक चिठ्ठी काढताना त्यांना एनएडी नावाचा एक रेणू मोडावा लागतो. एक चिठ्ठी, एक एनएडी, उधारी अजिबात नाही. आणि हा एनएडी काही साधासुधा रेणू नाही, भाकरी असो का तेल, जे काही आपण खातो ते जळताना त्यातले इलेक्ट्रॉन उचलून पुढं पोचवायचं काम हाच करतो, इलेक्ट्रॉन घेतलेल्या त्याच्या रूपाला एनएडीएच म्हणतात. त्यामुळं पेशीत सध्या खाण्याची रेलचेल आहे का टंचाई, हे मोकळ्या एनएडीच्या प्रमाणावरून सर्टुइनला कळतं आणि त्याप्रमाणं चिठ्ठ्या निघतात. शरीराचा हिशोब ठेवणारी ही मंडळी आहेत, आणि मला स्वतःला पंचवीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवूनही याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

आता वय वाढायचं थांबतं हे कुठून आलं. १९९९ मधे अमेरिकेत एमआयटीमधे लिओनार्ड ग्वारेंटे यांच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या पेशींमधे एसआयआर-२ या जीनची एक जादा प्रत घातली तेव्हा त्या पेशींचं आयुष्य साधारण ३० टक्क्यांनी वाढलं. यीस्टचं आयुष्य वर्षात मोजत नाहीत, एका आईपेशीनं किती लेकरं दिली यावर मोजतात. त्याच्या पुढच्या वर्षी, २००० मधे, हे एन्झाइम एनएडीवर चालतं हे कळलं आणि मग सगळं जग यामागं लागलं. कृमी आणि माश्यांमधेही आयुष्य वाढल्याचे निकाल आले, पण २०११ मधे काही प्रयोगशाळांनी मिळून तेच प्रयोग जास्त काळजीनं करून पाहिले तर तो परिणाम टिकला नाही. उंदरात सर्ट-६ जास्त केलं तर नर उंदीर जास्त जगले हे २०१२ मधे दिसलं, माद्यांमधे तसा फायदा दिसला नाही. माणसात सर्टुइन वाढवून कुणी जास्त जगलाय असं कुठंही सिद्ध झालेलं नाही सर, हे मी अगदी स्पष्ट लिहिते.

आता एनएमएन. हा एनएडी तयार व्हायच्या एक पायरी अलीकडचा रेणू. विचार असा की वयाबरोबर काही अवयवांत एनएडी कमी होतं, मग कच्चा माल दिला की एनएडी वाढेल आणि सर्टुइन जोमानं काम करतील. यातलं पहिलं अर्धं बरंचसं खरं आहे, गोळ्या घेतल्यावर रक्तातलं एनएडी वाढतं. दुसऱ्या अर्ध्याचं बघा. २०२१ मधे प्रीडायबेटिस म्हणजे शुगर बॉर्डरवर असलेल्या, वजन जास्त असलेल्या आणि पाळी गेलेल्या २५ बायकांवर चाचणी झाली, निम्म्यांना रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन दहा आठवडे दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. एनएमएनवाल्या गटात स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, हे खरोखर चांगलं लक्षण. पण वजन कमी झालं नाही, रक्तातली साखर सुधारली नाही. त्याच्या भावंडाची, म्हणजे तसाच एनएडीचा कच्चा माल असलेल्या निकोटिनामाइड रायबोसाइडची, २०१८ मधे ४० लठ्ठ पुरुषांवर चाचणी झाली होती, रोज २००० मिलिग्रॅम, बारा आठवडे, त्यात इन्सुलिनच्या प्रतिसादात काहीच फरक पडला नाही.

शिवाय वाढलेलं एनएडी सर्टुइनच वापरतील याची काय खात्री. डीएनए दुरुस्त करणारी पार्प नावाची एन्झाइम्स एनएडी खातात, सीडी-३८ नावाचं एक एन्झाइम तर फार खातं आणि उंदरात वयाबरोबर ते वाढत जातं. आणि एनएडी मोडल्यावर निघणारं निकोटिनामाइड हे जास्त साचलं तर सर्टुइनलाच थोपवतं. म्हणजे वरून ओतलं की खाली बरोबर त्याच वाफ्यात पाणी जाईल असं ते नाहीये.

तेव्हा तुम्हाला माझं सांगणं, तुमच्या शुगरच्या चालू गोळ्या यासाठी एक दिवसही बंद करू नका, आणि बरणी डॉक्टरांना न दाखवता सुरू करू नका. मुलाला सांगा की तुझं प्रेम पोचलं, त्या पैशात वर्षातून दोनदा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), एकदा डोळ्याचा पडदा आणि एकदा किडनीची तपासणी करून दे. दहा वर्षांच्या शुगरला या तपासण्या जास्त गरजेच्या आहेत आणि बहुतेक जण नेमक्या त्याच टाळतात.

परभणी जिल्हा, गृहिणी

माझी आजी सांगायची की पूर्वी निव्वळ ज्वारी खाणाऱ्या मजूर माणसांच्या हातापायाची कातडी उन्हानं काळी पडून सोलायची, माणूस वेड्यासारखा करायचा. हे खरं का? आमच्याकडं तर दोन्ही टाइम भाकरीच असते. आता लेक म्हणते भाकरी सोड, गहू खा.

ताई, तुमच्या आजीनं जे पाहिलं ते अगदी खरं आहे आणि त्याचा वरच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे, म्हणून तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला.

त्या आजाराचं नाव पेलाग्रा. नायसिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व कमी पडलं की होतो, आणि नायसिनचं शरीरात काय होतं तर एनएडी. वर ज्या एनएडीसाठी हजारोंच्या बरण्या विकल्या जातात तेच ज्यांना अन्नातून मिळत नव्हतं त्यांना हा रोग व्हायचा. ऊन लागतं तिथली कातडी सोलायची, म्हणजे हाताच्या मागची बाजू, गळ्याभोवती माळेसारखा पट्टा, मग जुलाब, मग भ्रम. अमेरिकेत मका खाणाऱ्या गरिबांत हा रोग हजारोंचा जीव घ्यायचा, जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरनं दाखवलं की हा जंतूचा नाही, खाण्याचा आजार आहे, आणि १९३७ मधे कॉनराड एल्व्हजेम यांनी निकोटिनिक ॲसिड हे त्यावरचं औषध शोधलं.

आपल्याकडं मका नव्हता, ज्वारी होती. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या मजुरांत पेलाग्रा का होतो यावर हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी काम केलं, १९६० मधे ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो ॲसिडकडं बोट दाखवलं, की ते जास्त झाल्यानं ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो ॲसिडपासून नायसिन बनायचं बिघडतं. शरीर साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमधून १ मिलिग्रॅम नायसिन बनवतं, त्या वाटेत अडथळा. पुढं या ल्युसिनच्या मुद्द्यावर बराच वाद झाला, सगळ्यांना तो पटला नाही. पण एक गोष्ट वादातली नाही, ज्यांना रोग झाला त्यांच्या ताटात भाकरीशिवाय जवळजवळ काही नसायचं. डाळ नाही, दूध नाही, शेंगदाणे नाहीत, मटण तर सणालाही नाही. नुसती भाकरी, मिरची आणि मीठ.

म्हणून लेकीला सांगा की दोष भाकरीचा नव्हता, ताट रिकामं असण्याचा होता. तुमच्या घरी भाकरीसोबत तुरीचं वरण आहे, पिठलं आहे, शेंगदाण्याची चटणी आहे. मूठभर शेंगदाण्यात, म्हणजे ३० ग्रॅममधे, साधारण साडेतीन मिलिग्रॅम नायसिन असतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज १४ ते १६ मिलिग्रॅमच्या आसपास. काटवटीत पीठ मळून थापलेली, तव्यावर पाणी फिरवून पापुद्रा सुटलेली भाकरी शुगरवाल्यांना तर मैद्याच्या ब्रेडपेक्षा कितीतरी बरी. सोडू नका.

आणि हे मी लातूरच्या सरांसाठीपण लिहिते. रिकाम्या रांजणात पाणी टाकलं की घर जगतं, पेलाग्राच्या पेशंटला नायसिन दिलं की काही दिवसांत कातडी आणि डोकं दोन्ही ताळ्यावर यायला लागतं, हे डॉक्टरांनी डोळ्यांनी बघितलंय. पण भरलेल्या रांजणात ओतत राहिलं तर पाणी तेवढंच राहतं, बाकीचं अंगणात जातं. एनएमएनच्या चाचण्यांत फरक फिका का दिसतो याचं एक कारण मला हे वाटतं, त्यात भाग घेणाऱ्यांचे रांजण भरलेलेच असतात.

जालना जिल्हा, द्राक्ष बागायतदार

आमच्या भागात आता बक्कळ द्राक्ष झालंय. एका कार्यक्रमात पाहुणे सांगत होते की द्राक्षाच्या सालीत रेझ्व्हेराट्रॉल असतं, त्यानं सर्टुइन जागं होतं, हार्ट आणि शुगरला चांगलं. मार्केटिंगमधे हे लिहिलं तर चालेल का?

दादा, सालीत रेझ्व्हेराट्रॉल असतं हे खरं, शेंगदाण्यातही थोडं असतं. २००३ मधे डेव्हिड सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी छापलं की ते सर्ट-१ ला चेतवतं, २००६ मधे जास्त चरबीचं खाणाऱ्या उंदरांना ते दिल्यावर ते उंदीर बिन-औषधाच्या उंदरांपेक्षा तब्येतीनं बरे राहिले आणि जास्त जगले, आणि २००८ मधे ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीनं सिंक्लेअर यांची सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली. पण २०१० मधे फायझर या दुसऱ्या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की सर्ट-१ चेतवलं का ते मोजायच्या चाचणीत वापरलेल्या चमकणाऱ्या रंगद्रव्यामुळं तसा परिणाम दिसत होता, रंगद्रव्य काढलं की चेतवणं गायब. यावर पुढं दोन्ही बाजूंनी प्रयोग झाले, काही ठरावीक प्रोटीन्सच्या बाबतीत चेतवणं खरं असू शकतं असंही दिसलं, पण २०१३ मधे ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं सर्ट्रिसचं वेगळं ऑफिस बंद केलं आणि आजपर्यंत त्यातून बाजारात औषध आलेलं नाही.

हिशोब करून बघा. २००६ च्या उंदरांना किलोमागं साधारण २२ मिलिग्रॅम रोज दिलं होतं. ६० किलोच्या माणसाला सरळ त्याच मापानं १३०० मिलिग्रॅम होतं (उंदराचा डोस माणसाला असा सरळ लावत नाहीत, पण अंदाज यावा म्हणून). द्राक्षात ते किलोला फार तर काही मिलिग्रॅम. म्हणजे रोज शेकडो किलो द्राक्षं. तेव्हा ते लिहू नका, गिऱ्हाईक एकदा फसलं की परत येत नाही. तुम्ही टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढून बाग जगवता, औषधाचे अंश तपासून माल देता, ते लिहा, ते खरं आहे आणि मी तरी त्यासाठी दोन पैसे जास्त देईन. आणि शुगरवाल्या वाचकांनी द्राक्षं फळ म्हणून दहा-पंधरा मण्यांपुरतीच खावीत.

तुळजापूर, वय ४९

मी नवरात्राचे नऊ दिवस धरते, एकादशा पण असतात. सहा वर्षांपासून शुगर आहे. लेकाच्या मोबाईलमधे बघितलं की उपासानं सर्टुइन वाढतात आणि शुगर मुळापासून जाते. मग मी उपासाच्या दिवशी गोळी घ्यावी का नाही?

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, जरा निवांत वाचा.

उपास आणि सर्टुइनचा संबंध खरा आहे. रात्री जेवून झाल्यावर लिव्हरमधे साठवलेली साखर बारा-चोवीस तासांत संपत येते. तेव्हा लिव्हरमधे सर्ट-१ पीजीसी-१ अल्फा नावाच्या प्रोटीनवरच्या चिठ्ठ्या काढतं आणि लिव्हर नवीन साखर बनवायला लागतं म्हणजे मेंदू उपाशी राहू नये, हे २००५ मधे कळलं. मायटोकॉन्ड्रियात सर्ट-३ चरबी जाळणाऱ्या एन्झाइमला मोकळं करतं, २०१० मधे दिसलं की ज्या उंदरांत सर्ट-३ नाही त्यांना उपासात चरबी नीट जाळताच येत नाही. सर्ट-५ उपासात प्रोटीन मोडल्यानं तयार होणारा अमोनिया युरियात बदलायला मदत करतं. आणि सर्ट-४ उलट बाजूचं, पोट भरलेलं असताना ते काही कामं रोखून धरतं. एक कुटुंब आहे, प्रत्येकाचं काम वेगळं.

आता दोन गोष्टी नीट बघा. पहिली, सर्ट-१ लिव्हरकडून साखर बनवून घेतं! ज्याच्या लिव्हरमधून आधीच गरज नसताना साखर रक्तात पडते त्याला सर्टुइन वाढलं म्हणजे सगळं भलंच होईल असं सरळ म्हणता येत नाही. दुसरी, आपला उपास. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी बटाट्याची भाजी, मधे राजगिऱ्याचा लाडू, केळी, चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पोटात गेल्यावर भराभर साखर होतो. एकादशी अन् दुप्पट खाशी असं आपल्याकडं उगं म्हणत नाहीत, अशा दिवशी शरीराला उपास आहे हे कळतच नाही, सर्टुइनला कुठून कळणार. देवीसाठी धरलेला उपास हा तुमच्या श्रद्धेचा भाग आहे आणि मला त्याचा मान आहे, फक्त त्याच्याकडून औषधाचं काम होईल असं धरून चालू नका.

आणि गोळीचं. माझे थोरले चुलते आषाढीला कडक उपास करायचे, नुसता चहा आणि अर्धं केळ. सकाळी सवयीनं ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि रानात गेले. अकराच्या सुमाराला बांधावर बसून राहिले, सदरा घामानं पार भिजलेला, हाताला कंप, आणि बोलणं असं की समोरच्या गड्याला काही उमगेना. त्याला वाटलं ऊन लागलं, त्यानं डोक्यावर पाणी मारलं. चुलत भावानं घरून मशीन आणून बोट टोचलं तर साखर ४६. डब्यातला गूळ पाण्यात कालवून पाजला, पंधरा मिनिटांत माणूस ओळखायला लागला. त्या गोळीचं काम असं आहे की तुम्ही जेवा का न जेवा, ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे सांगते.

म्हणून नवरात्राच्या पंधरा दिवस आधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडं जा आणि म्हणा, मी नऊ दिवस धरणार आहे, कुठली गोळी किती करायची ते लिहून द्या. मेटफॉर्मिननं एकट्यानं साखर सहसा एवढी पडत नाही, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिननं पडते, डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीत लांब उपासानं वेगळा धोका असतो, रक्तात आम्ल साचतं. स्वतःच्या मनानं बंद पण करू नका आणि आहे तशी पण घेऊ नका. घाम, कंप, डोळ्यापुढं अंधारी असं काही झालं की उपास तिथंच सोडायचा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना. खायचंच असेल तर साबुदाण्याऐवजी भगर थोडी, ताक, काकडी, शेंगदाणे, दूध असं ठेवा.

हिंगोली, सबस्टेशनला ऑपरेटर

महिन्यातले पंधरा दिवस नाइट असते. पोट सुटलंय, शुगर बॉर्डरला आलीय. यात सर्टुइनचं काही आहे का?

आहे भाऊ. एनएडी बनवणारं नॅम्प्ट नावाचं एन्झाइम शरीरातल्या घड्याळाप्रमाणं दिवसभरात कमी-जास्त होतं, त्याबरोबर एनएडी कमी-जास्त होतं, आणि सर्ट-१ उलटं त्या घड्याळाच्याच जीन्सना आवरतं, २००९ मधे दोन वेगवेगळ्या गटांनी हे चक्र दाखवलं. रात्री दोनला डबा उघडला की लिव्हरचं घड्याळ आणि डोक्याचं घड्याळ दोन दिशेला जातात. ड्यूटी तुम्हाला बदलता येणार नाही, पण मुख्य जेवण ड्यूटीच्या आधी आठ-नऊपर्यंत करा, रात्री भूक लागली तर फुटाणे नाहीतर ताक, आणि सकाळी घरी जाऊन खिडकीला जाड पडदा लावून सलग झोपा. घरच्यांना सांगून ठेवा की दारावर टकटक नको.

नांदेड, बीएस्सी तृतीय वर्ष

सर्टुइन कॅन्सर थांबवतात का वाढवतात? एका ठिकाणी एक लिहिलंय आणि दुसरीकडं दुसरंच. आणि यात आपल्या लोकांनी काही काम केलंय का?

बाळा, दोन्ही ठिकाणी खरं लिहिलेलं असू शकतं. सर्ट-१ पी-५३ या प्रोटीनवरची चिठ्ठी काढून त्याचा जोर कमी करतं, आणि पी-५३ हे तर बिघडलेल्या पेशीला मारणारं, म्हणजे इथं ते कॅन्सरच्या सोयीचं ठरू शकतं. पण तेच डीएनए सांभाळायलाही मदत करतं. सर्ट-३ आणि सर्ट-६ बऱ्याच प्रयोगांत गाठ रोखणारी दिसली. सर्ट-६ नसलेली उंदराची पिल्लं तर म्हाताऱ्यासारखी होऊन, साखर घसरून, चार आठवड्यांच्या आसपास मरतात. त्यामुळं कुठला अवयव, कुठली अवस्था, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नको, परीक्षेतही असंच लिही. आणि सगळीच सर्टुइन सरसकट वाढवणारी गोळी मला का पटत नाही तेही यातच आहे.

आपल्या लोकांचं म्हणशील तर ज्या एसआयआर-२ जीनपासून हे सगळं सुरू झालं तो १९७९ मधे शोधणारे अमर क्लार हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठात शिकलेले, त्यांनी त्याला तेव्हा मार-१ असं नाव दिलं होतं. यीस्टचं लिंग कसं बदलतं यावर ते काम करत होते, वय आणि शुगर डोक्यातही नव्हतं. आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटानं लिव्हर, उपास आणि सर्टुइन यावर कितीतरी वर्षं काम केलंय. त्यांचे पेपर शोधून वाच, पहिल्यांदा काही कळणार नाही, तिसऱ्यांदा वाचलंस की कळायला लागेल. एमएस्सीनंतर अशा ठिकाणी जायचं मनात असेल तर नांदेडचं पोरगं आहे म्हणून मागं राहू नकोस.

बीड जिल्हा, नाव नको

मिस्टरांची सोनोग्राफी केली, लिव्हरवर चरबी आहे म्हणाले, एसजीपीटी ११० आलंय. रोज संध्याकाळी घेतात. मेडिकलवाल्यानं लिव्हरचं टॉनिक दिलंय, कुणी म्हणतं एनएडीच्या गोळ्या द्या. काय देऊ?

ताई, तुम्ही हे लिहायला किती धीर केला असेल ते मला कळतंय.

दारू लिव्हरमधे दोन पायऱ्यांनी मोडते आणि दोन्ही पायऱ्यांना एक-एक एनएडी लागतं, त्याचं एनएडीएच होतं. रोज संध्याकाळी लिव्हरमधलं मोकळं एनएडी असं खर्ची पडतं, एनएडीएच साचतं, मग चरबी जाळायचं काम थांबतं आणि ती चरबी तिथंच बसते. दारू पाजलेल्या उंदरांच्या लिव्हरमधे सर्ट-१ चं काम मंदावलेलं दिसतं ते याच साखळीतलं. तुमच्या हातातला तो एसजीपीटीचा (लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात येणाऱ्या एन्झाइमचा) रिपोर्टसुद्धा लॅबमधे बहुतेक वेळा एनएडीएचवरच मोजलेला असतो, मशीन ३४० नॅनोमीटरचा प्रकाश नमुन्यातून सोडतं आणि एनएडीएच किती वेगानं संपतं ते बघतं. मी पोरींना प्रॅक्टिकलला काट्याकडं बोट करून दाखवायचे, हा काटा खाली येतोय ना, तेवढी लिव्हरची पेशी फुटलीय.

वरून एनएडीची गोळी आणि खालून रोज क्वार्टर, असं केल्यानं काही हाती लागणार नाही, टॉनिकचंही तेच. पण यात चांगली बातमी आहे आणि ती मिस्टरांना जरूर सांगा, दारूमुळं नुसती चरबी साचलेली असेल तर दारू बंद केल्यावर काही आठवड्यांत ती उतरायला लागते. लिव्हरएवढं माघारी फिरणारं दुसरं अंग नाही. फक्त एक जपा, रोज आणि जास्त घेणारा माणूस एकदम बंद करतो तेव्हा दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झोप न येणं, भास होणं, कधी फिट येणं असं होऊ शकतं, म्हणून हे डॉक्टरांच्या हाताखाली करायचं, घरात कोंडून नाही. जिल्हा रुग्णालयात यासाठी मानसोपचार विभागात दाखवता येतं, त्यात कमीपणा काही नाही. दोघं मिळून जा, सोनोग्राफी आणि रिपोर्ट सोबत न्या, बंद केल्याची तारीख कॅलेंडरवर तुमच्या हातानं लिहा आणि सहा आठवड्यांनी परत एसजीपीटी करून मला आकडा कळवा, मी वाट बघते.